सतरा नंबरच्या आजींकडे

जालना जिल्ह्यात लोक लोखंडी सळयांसाठी जातात, बियाण्यांसाठी जातात, राजूरच्या गणपतीला जातात. मी एका अंगठ्याच्या ठशासाठी गेलो होतो. हौसेने गेलो असं म्हणता येणार नाही, मला पाठवलं गेलं. पण परत आल्यापासून भेटेल त्याला तिकडचं सांगत सुटलोय आणि ऐकणारे कंटाळलेत. म्हणून लिहून काढतो. वाचणाऱ्याला निदान पान उलटता येतं.

आधी माझा धंदा सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कूर्चा वाढवतो. कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असतं ते गुळगुळीत, पांढरं, चिवट अस्तर. मटण खाणाऱ्यांना जास्त सांगायला नको. हे अस्तर एकदा झिजलं की पुन्हा नीट येत नाही, आणि मग म्हातारपणी गुडघे बोलायला लागतात. हाडाच्या आतल्या मगजात मात्र काही मूळपेशी असतात. मोठेपणी काय व्हायचं हे त्यांचं अजून ठरलेलं नसतं. माझंही फारसं ठरलेलं नव्हतं, त्यामुळे आमचं जमलं. या पेशी नळीच्या तळाशी गोळा करायच्या, अंगाइतक्या गरम कपाटात ठेवायच्या, दर दोन-तीन दिवसांनी त्यांच्यावरचं गुलाबी द्रावण बदलायचं. सगळं नीट घडलं तर तीन आठवड्यांनी तळाशी कूर्चेचा एक दाणा तयार होतो, ज्वारीएवढा. माझी आई दर दिवाळीला विचारायची, "झाला का रे गुडघा?" मी म्हणायचो, "दाणा झालाय." पुढे तिने विचारणं सोडलं.

पेशी येतात माणसांकडून. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये जो मगज एरवी फेकून दिला जातो, त्यातला थोडा परवानगी घेऊन आम्ही घेतो. देणाऱ्याला नंबर मिळतो आणि नाव कपाटात कुलपात जातं. बहुतेक नंबरांच्या पेशींनी मला बुळबुळीत लगद्यापलीकडे काही दिलं नाही. अपवाद सतरा नंबरचा. सतरा नंबर दर वेळी टणक, चकचकीत दाणा द्यायचा, आणि रंग लावला की तो असा लालभडक व्हायचा की सूक्ष्मदर्शकाखाली बघताना मला स्वतःबद्दल आदर वाटायचा. माझा सगळा प्रबंध या एका नंबरावर उभा होता.

मग आमच्या नीतिसमितीने कागद तपासले. सतरा नंबरची परवानगी तीन वर्षांची होती. एवढ्या अवधीत माझी पीएच.डी. होईल असं कुणीतरी भाबडेपणाने धरून चाललं होतं. मुदत संपली होती. एकतर नव्याने परवानगी आणा, नाहीतर पेशी नष्ट करा, असा निरोप आला. दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. गावातल्या एका दुकानाचा फोन मिळाला, तिथे कुणीतरी "सांगतो" म्हणून फोन ठेवला. शेवटी आमच्या मॅडमनी कपाट उघडून चिठ्ठीवर नाव लिहून दिलं : कौसाबाई, पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. "जा आणि घेऊन ये," म्हणाल्या.

तीन वर्षं मी या बाईंच्या पेशींना वेळेवर खाऊ घातलं होतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. नाव पहिल्यांदा वाचत होतो. जुन्या कागदावर, समजावून सांगणाऱ्याची सही असते त्या जागी, माझीच सही होती. बाईंचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना.

सोमवार : जालना, आणि विनाकारण अंबड

सकाळी जालन्याच्या स्टँडवर उतरलो आणि समोरच्या माणसाला "पिंपळगावची गाडी कुठली?" असं विचारलं. पिंपळगाव नावाची गावं या भागात किती आहेत हे पुण्यात बसून कळत नाही. त्याने बोट दाखवलं, मी चढलो, खिडकी मिळाली म्हणून खूश झालो आणि झोपलो. जाग आली तेव्हा गाडी अंबडला उभी होती. भोकरदन जालन्याच्या उत्तरेला आहे. अंबड दक्षिणेला. माझ्या पिशवीत जिल्ह्याचा नकाशा होता, घडी न मोडलेला.

कोर्टाच्या बाजूला एका टपरीवर चहा घेतला. शेजारी काळ्या बॅगा घेतलेले एक गृहस्थ बसले होते, कुठल्यातरी वकिलांचे मुन्शी. कुठले, काय करता, अशी चौकशी झाली. मी म्हणालो, "पेशींचं काम करतो."

"अस्सं!" त्यांनी बाकावर जागा करून दिली. "आज कितीची पेशी हाय?"

"म्हणजे?"

"तारीख हो. कोन्या कोर्टात?"

या बाजूला पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. मी माझ्या पेशी कशा असतात, कशा वाढतात, बंद कपाटात कशा तीन-तीन वर्षं राहतात, हे समजावून सांगितलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "सारखंच हाय म्हना. आमच्या तर पंधरा-पंधरा वर्षं राह्यतात." मग त्यांनीच मला जालन्याच्या गाडीत बसवलं, आणि कंडक्टरला माझ्यादेखत सांगितलं, "ह्यांना झोपू देऊ नका."

जालन्याहून भोकरदनच्या गाडीत बसलो तेव्हा दुपार झाली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी, मधे हरभरा, कपाशीची शेवटची बोंडं, आणि लांबवर जानेवारीतलं कोवळं ऊन. केदारखेड्याला गाडी थांबली. पोटात सकाळपासून फक्त चहा होता. खाली उतरून पेरू घेतले. दोन पेरू निवडून घ्यायला मी इतका वेळ लावला की गाडी निघाली. धावलो. कंडक्टरने दार उघडं धरून "जल्दी, जल्दी" केलं, मी उडी मारली, आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी कचकन वाजलं. गुडघ्याच्या आत काय काय असतं ते मला लॅटिन नावांसकट पाठ आहे. त्या वेळी तोंडातून फक्त "आई गं" एवढंच निघालं.

सोमवार, उन्हं कलताना : पिंपळगाव रेणुकाई

भोकरदनला गाडी बदलून पिंपळगावच्या स्टँडवर लंगडत उतरलो. रेणुकेच्या देवळाकडे जाणाऱ्या एका बाईंना कौसाबाईंचं घर विचारलं तर त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि न विचारता पिशवी हातातून काढून घेतली. पुण्यात माझी पिशवी अशी कुणी घेतली असती तर मी ओरडलो असतो.

घर गावाच्या कडेला होतं. वडिलोपार्जित धंदा मेंढरं राखायचा. आता चार एकर जमीन झालेली, पण मेंढरंही सुटलेली नाहीत. कौसाबाईंचा मुलगा लिंबाजी अंगणात होता. पस्तिशीचा, उंच, डोक्याला मफलर. मी पुण्याहून, प्रयोगशाळेतून आलो म्हणताच त्याने हातातली दोरी खाली टाकली.

"या, या साहेब! माय, अगं पुन्याचे आले!" आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तीन वर्षं झाले, तुमचीच वाट पाहून राह्यली ती."

माझी छाती फुगली, हे कबूल करतो. विज्ञानाबद्दल खेड्यापाड्यात केवढी आस्था आहे, असा विचार मी खरोखर केला. पुढे एखाद्या भाषणात वापरता येईल असंही वाटून गेलं.

आतून कौसाबाई काठी टेकत आल्या. ठेंगण्या, काटक, कपाळावर हिरवं गोंदण. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालेलं दिसत होतं, तो पाय त्या सरळ टाकत होत्या. दुसऱ्या पायाचा गुडघा मात्र सुजून बाहेर वाकला होता. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तूच तो. कामून लंगडतो रं?"

मी केदारखेड्याची हकीकत सांगितली. त्यांनी सुनेला हाक मारली. सुनेचं नाव सुमन. तिने आंबेहळद उगाळून आणली, वीट तापवून फडक्यात गुंडाळली, आणि सगळ्या गल्लीदेखत माझी पँट गुडघ्यापर्यंत वर सारून लेप लावून शेक दिला. मानवी गुडघ्याच्या पुनर्निर्मितीवर संशोधन करणारा मी विटेखाली पाय धरून बसलो. तोवर पुण्याचा गुडघ्याचा डॉक्टर आलाय ही बातमी फिरली आणि लोक येऊन आपापले गुडघे उघडे करून ओट्यावर बसू लागले.

"मी तसला डॉक्टर नाही," मी म्हणालो. "मी फक्त पीएच.डी. करतोय."

"मंग ह्यो कसा हाय तेवढं सांगा," एका म्हाताऱ्याने पाय माझ्यापुढे केला. "हात लावाया काय हरकत हाय?"

मी हात लावला. गुडघा होता. त्यापलीकडे मला काही सांगता आलं नाही. म्हाताऱ्याने पाय मागे घेतला आणि माझ्या लेपाकडे पाहून शेजाऱ्याला म्हणाला, "ह्यालाच कुनीतरी दाखवा."

जेवायला हिरव्या तुरीच्या दाण्यांची आमटी, बाजरीची भाकरी आणि ठेचा होता. या गावच्या मिरचीचं नाव आहे. सुमनताईंनी ठेचा चिमूटभरच वाढला, मी पाहुणेपणाचा मान राखायला आणखी मागितला. पुढची दहा मिनिटं मला ऐकू कमी येत होतं. म्हणून सुमनताईंनी पहिल्यांदा विचारलेलं मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"मंग कवा बसवायचा म्हन्ते मी?"

"काय?"

"आत्याबाईंचा गुडघा."

सगळ्यांचे डोळे माझ्या पिशवीकडे वळले. पिशवीत एक छोटा थर्मासचा डबा होता. दाखवायला म्हणून त्यात मी औषधात बुडवलेला एक दाणा आणला होता. लिंबाजी अदबीने म्हणाला, "त्याच्यात हाय का? थंड्या जाग्याला ठिवावं लागंल ना?"

तीन वर्षांपूर्वी मी काय बोललो असेन ते मला शब्दन् शब्द आठवलं नाही, पण अंदाज आला. मी त्या दिवसांत नवीन होतो, उत्साही होतो आणि घाईत होतो. समोर कौसाबाई भाकरी मोडत शांतपणे माझ्या उत्तराची वाट पाहत होत्या.

"त्याबद्दल... उद्या निवांत बोलू," मी म्हणालो.

भ्याडपणा केला. त्याला दुसरं नाव नाही.

जेवणानंतर लिंबाजीने अंगणातच बाकीचं सांगितलं. पुण्याहून आल्यावर वर्षभरात मायच्या दुसऱ्या पायाचा गुडघा गेला. जालन्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी कृत्रिम सांधा बसवू म्हणून दोनदा तारीख दिली. दोन्ही वेळा ती नको म्हणाली. "म्हन्ली, माझ्याच अंगाचा गुडघा पुन्याला तयार होऊन राह्यलाय, तर लोखंडाचा कामून बसवू? आमी बी म्हनलं, बराबर हाय. थांबू." आणि हसून म्हणाला, "कळपामागं जायचं बंद झालं तिचं. पन आता तुमी आले."

मंगळवार : शेतावर

सकाळी मोठी मेंढरं चरायला गेली होती. मागे राहिलेली कोकरं जाळीच्या कुंपणात होती आणि कौसाबाई त्यांच्याजवळ पोत्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. लिंबाजी आणि सुमनताई हुरडा भाजत होते. आमच्या परवानगीच्या कागदावर लिहिलेलं असतं, की ही चर्चा एकांतात व्हावी. मी तसं सुचवलं. लिंबाजीला वाटलं मी कोकरांबद्दल बोलतोय, त्याने दोन कोकरं उचलून पलीकडे नेली.

मी पोत्यासमोर ढेकळांवर बसलो. घोळवून सांगायचं ठरवलं होतं. रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वेळेवर आलं नाही.

"आजी, तो गुडघा तुमच्यासाठी नाहीये."

"मंग कुनासाठी?"

"कुणासाठीच नाही. गुडघा झालेलाच नाही. आम्ही अजून शिकतोय."

सुमनताईंचा हुरडा चोळणारा हात थांबला. कौसाबाई म्हणाल्या, "तूच म्हनला व्हता. 'आजी, तुमच्याच अंगातून गुडघ्याची गादी तयार करनार आहोत.'"

"म्हणालो असेन."

"असेन न्हाई. म्हनला. मी इसरले न्हाई."

"म्हणालो," मी म्हणालो. "चूक माझी. कागदावर बरोबर लिहिलं होतं, मी घाईत अर्धंच सांगितलं. तुम्हाला तो मिळेल असं तुम्हाला वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

एक कोकरू माझ्या चपलेची पट्टी चघळायला लागलं. मला त्याला हाकलायचं धाडस झालं नाही.

"काय झालंय ते तरी दाखव," त्या शेवटी म्हणाल्या.

मी डब्यातली नळी काढून दिली. त्यांनी ती उन्हाकडे धरली, डोळे बारीक केले, हलवून पाहिली. दाणा तळाशी इकडून तिकडे गेला.

"हे माझं?"

"हो. तुमच्या पेशींचं. सगळ्यांत चांगलं तुमचंच झालं."

"तीन वर्षांत इतकंच?"

"इतकंच."

"लेकरा," त्या म्हणाल्या, "तेवढ्या दिवसांत माझी मेंढरं दुप्पट झाली."

लिंबाजी हसला आणि लगेच गप्प झाला, कारण कौसाबाई हसत नव्हत्या. त्यांनी नळी परत दिली आणि मला कागद वाचायला सांगितला. सगळा, अगदी पहिल्यापासून. मी वाचला. प्रत्येक ओळीला त्या थांबवत होत्या. "साठवण म्हंजे?" बर्फाहूनही कितीतरी थंड टाकीत ठेवणं. "मेलं न्हाई का मंग?" नाही, झोपलेलं असतं. "अन् इतर संस्थांना देने म्हंजे? दुसऱ्याच्या गावाला?" हो, देशाबाहेरसुद्धा जाऊ शकतं. "मला न इचारता?" आत्ता विचारतोय, पुन्हा विचारणार नाही. मी जे तीन वर्षांपूर्वी पाच मिनिटांत उरकलं होतं, त्याला दोन तास लागले, आणि त्यांच्या एकेका प्रश्नासरशी मला कळत गेलं की तो कागद मीही कधी नीट वाचला नव्हता.

शेवटी दोन चौकोन होते. ठेवावे. नष्ट करावे.

"ह्यातून पुढं कुनाचा गुडघा होईल?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला ही शेवटची सोयीची जागा होती. "ह्यातून नाही. ह्यातून शिकून पुढे कधीतरी दुसऱ्यातून होईल. कदाचित. दहा-पंधरा वर्षांनी."

"मंग मोडून टाक."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "आजी, माझं सगळं काम..."

"तुझं काम तू कर. शिकायला दुसऱ्याचं घे. पन त्याला आधी बराबर सांग." त्यांनी काठी उचलली. "मी ह्याची वाट पाहिली. आता ते तिथं हाय म्हनल्यावर माझं मन तिथंच राहील. मला न्हाई ठिवायचं ते."

त्या उठून कोकरांच्या जाळीशी गेल्या. लिंबाजी माझ्याजवळ आला. पाहुण्याचं तोंड असं पडलेलं त्याला बघवत नव्हतं. हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मनाला लावून घेऊ नका. कागद माझ्यापाशी द्या. ठिवा म्हनून अंगठा घेऊन देतो. तिला कुठं वाचता येतं."

मी तत्काळ नाही म्हणालो असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी तत्काळ काहीच म्हणालो नाही. मी कागदाकडे पाहिलं. तीन वर्षं, लालभडक दाणे, मॅडमचा चेहरा, पुढच्या प्रकल्पाचा अर्ज, सगळं नजरेसमोर येऊन गेलं. पुण्यात कुणाला कळणार होतं? आणि मग जाळीशी वाकून, दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबून, कोकराला आईच्या जागी बाटलीने दूध पाजणाऱ्या त्या बाईंकडे पाहिलं, आणि मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी जरा मोठ्यानेच म्हणालो, "नको, लिंबाजीराव. बिलकुल नको."

कौसाबाईंनी वळून पाहिलं. त्यांनी काय ते ओळखलं असावं. मुलाला एक शब्द बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "हुरडा खा. थंड होऊन राह्यला."

अंगठा त्यांनी दुसऱ्या चौकोनासमोर उमटवला. शाई पुसायला मी रुमाल दिला, त्यांनी पदराला पुसली.

बुधवार : जालना

निघताना मी विचारलं, मी काही करू शकतो का. असं विचारताना माणसाला "काही नको" हे उत्तर अपेक्षित असतं. कौसाबाई म्हणाल्या, "व्हय. जालन्याला चल संगं. त्या डॉक्टरला मी दोनदा नको म्हनले. आता कोन्या तोंडानं जाऊ? तू सांग त्याला."

तर बुधवारी सकाळी आम्ही तिघं जालन्याच्या गाडीत होतो. खिडकीशी कौसाबाई, मधे मी, कडेला लिंबाजी. केदारखेड्याला गाडी थांबली तेव्हा मी जागचा हललो नाही. त्यांनी मात्र खिडकीतून पेरू घेतले, निवडायला काहीही वेळ न लावता, आणि सगळे गोड निघाले.

डॉक्टर माझ्याच वयाचे होते. त्यांच्या टेबलासमोर उभा राहून मी सांगितलं, की या बाईंनी दोनदा तारीख चुकवली ती माझ्यामुळे. मी त्यांना चुकीचं समजावलं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांना टेकली होती, मधे काही म्हणजे काही उरलं नव्हतं. मी आयुष्यभर ज्याचा अभ्यास करतोय ते नसणं म्हणजे काय, हे मी असं पहिल्यांदा पाहिलं. दोन वर्षांपूर्वी काम सोपं गेलं असतं, डॉक्टर म्हणाले, पण अजून उशीर झालेला नाही. फेब्रुवारीतली तारीख दिली.

"तुमचं संशोधन कुठपर्यंत आलंय?" त्यांनी कुतूहलाने विचारलं. मी नळी काढून दाखवली. त्यांनी ती पाहिली, सभ्यपणे परत दिली, आणि मी लंगडतोय हे लक्षात आल्यावर मलाच टेबलावर झोपवून गुडघा तपासला. अस्थिबंध ताणला गेला होता. पट्टी बांधून त्यांनी सांगितलं, की आंबेहळदीचा लेप ज्यांनी लावला त्यांनी सूज छान उतरवली आहे. कौसाबाईंनी ते ऐकलं आणि लिंबाजीकडे पाहिलं.

स्टँडवर त्यांची गाडी आधी लागली. लिंबाजी जागा धरायला पुढे गेला. कौसाबाई पायरीपाशी थांबल्या.

"आता तू जाऊन ते मोडनार."

"हो."

"कसं मोडतेत?"

"औषध ओततात वरून."

त्यांनी थोडा विचार केला. "दुखंल का त्याला?"

मला वाटतं, या धंद्यात मला कुणीही विचारलेला हा एकमेव प्रश्न आहे ज्याचं उत्तर मला खात्रीने येत होतं. "नाही आजी. कूर्चेला नसा नसतात. त्याला काहीच कळत नाही."

"मंग बरं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडीत चढल्या. त्यांचं सगळं वजन क्षणभर माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर आलं. मी हू की चू केलं नाही.

पुणे, आणि त्यानंतर

मॅडमनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "स्वतः करशील की दुसऱ्या कुणाला सांगू?" मी स्वतः केलं. टाकीतून नळ्या काढल्या, कपाटातले दाणे काढले, सगळ्यांवर ब्लीच ओतलं. गुलाबी द्रावणाचा रंग बघता बघता उडाला. नोंदवहीत नष्ट केल्याचं कारण लिहायचं असतं. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी "बुरशी" लिहिलेलं असतं, त्यातल्या निम्म्या नोंदी माझ्या हातच्या. मी लिहिलं, "देणाऱ्याची इच्छा." मॅडमनी खाली सही केली.

प्रबंधाला आणखी दोन वर्षं लागली. नव्या लोकांकडून पेशी घेतल्या. आता मी खुर्ची ओढून बसतो आणि पहिलं वाक्य "ह्यातून तुम्हाला काहीही मिळणार नाही" हे असतं. काही लोक नको म्हणतात. नवीन विद्यार्थी माझ्यावर वैतागतात, म्हणतात, तुम्ही दाते पळवून लावता. सतरा नंबरसारखा दाणा मला पुन्हा मिळालेला नाही. जे मिळाले त्यांवर प्रबंध झाला, परीक्षकांनी तो "काटेकोर" आहे असं म्हटलं. दुसरं काही चांगलं सापडलं नाही की असं म्हणतात.

कौसाबाईंचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं, एवढं लिंबाजीने कळवलं होतं. पुढे त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर मी गावातल्या त्या दुकानात फोन केला. या वेळी दुकानदाराने लिंबाजीला बोलावून आणलं. मी विचारलं, आजींना जरा फोनवर बोलावता का, कशा आहेत ते विचारायचं होतं.

"ती कुठं घरी हाय आता," लिंबाजी म्हणाला. "सकाळच्यालाच गेली मेंढरांमागं."